मुक्काम पोस्ट माना

(रायपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नागपूर-पुण्याहून कुणी विमानानं येणार असलं की आपण मानाला जातो. विमानतळाला २०१२ पासून स्वामी विवेकानंदांचं नाव आहे, पण आपल्या तोंडी अजून 'माना'च. ते नाव दिलं हे उत्तमच झालं. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र कलकत्त्याहून रायपूरला आला. इथवर रेल्वे नव्हती, जंगलातून बैलगाडीनं यावं लागे. वडील विश्वनाथबाबू वकील, कामानिमित्त इथे राहिलेले. बुढापाऱ्यात ते कुटुंब दोनेक वर्षं राहिलं. आपण इथले असल्याचा पुरावा त्यांना कुणी मागितला नाही.

त्याच विमानतळाच्या शेजारी माना कॅम्प आहे. तिथेही बंगालीच माणसं आली, १९६४ मध्ये. आदल्या डिसेंबरात श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस चोरीला गेला. त्याचे पडसाद पूर्व पाकिस्तानात उमटले, खुलना-ढाका भागात हिंदूंवर हल्ले झाले, आणि लोंढेच्या लोंढे सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगाल आधीच भरलेला होता. मग खास गाड्यांत बसवून त्यांना इकडे पाठवलं. माना, माना भाटा, कुरूद अशा छावण्या उभ्या राहिल्या. सरकारी भाषेत हे 'ट्रान्झिट' केंद्र होतं. इथे थोडे दिवस थांबायचं आणि मग पुढे दंडकारण्यात जायचं. १९५८ साली त्यासाठी दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झालं होतं. बस्तर, कोरापुट आणि कालाहंडी हे त्याचं क्षेत्र. 'ट्रान्झिट' म्हणून सुरू झालेल्या त्या छावणीची आज नगर पंचायत आहे आणि तिचं नावही 'माना कॅम्प'च आहे. तिसरी पिढी पत्त्यात 'कॅम्प' लिहिते.

आजचा विषय मी हाच घेतला आहे. इथल्या न्यायालयात तीसेक वर्षं वकिली करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं नागरिकत्वाच्या कागदांत गेली. मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. ते शेवटी सांगते.

आपण मराठी माणसंही बाहेरचीच. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले, तेव्हापासून आपली ये-जा आहे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ एवढा काळ रतनपुरात राहून कारभार केला. त्यांच्याबरोबर मोडी आली, मराठी कारकून आले. पुढे रेल्वे आली, शाळा-कचेऱ्या आल्या, भिलाईचा पोलाद कारखाना आला आणि प्रत्येक वेळी आपली आणखी काही घरं इथे उतरली. १९३५ मध्ये आपलं महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. आपण आलो ते कधी सत्तेबरोबर, कधी नेमणुकीचं पत्र घेऊन. त्यामुळे 'तुम्ही इथले कसे?' हा प्रश्न आपल्याला फारसा बोचला नाही. मानाच्या माणसाला तो रोज बोचतो, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांत कधीकधी आपणही असतो. हे मला मनापासून खटकतं.

मानाच्या इतिहासातली दोन पानं इथे कुणी फारशी उघडत नाही.

पहिलं मरीचझापीचं. भाताच्या शेतात, नदीच्या कडेला वाढलेल्या शेतकऱ्यांना बस्तरच्या मुरमाड जमिनीत नेऊन बसवलं होतं. परत बंगालात जायचं, ही आस गेली नव्हती. विरोधात असताना डाव्या पक्षांनी त्यांच्या बाजूनं आवाज उठवला होता. १९७७ मध्ये तिथे डाव्यांचं सरकार आलं, तेव्हा हजारो कुटुंबांनी होतं नव्हतं ते विकलं आणि १९७८ च्या सुरुवातीला ती निघाली. मानातून निघाली, दंडकारण्यातल्या मलकानगिरीहून निघाली. सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या हातांनी वस्ती उभारली, शाळा काढली, बांध घातले. जानेवारी १९७९ मध्ये सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, ३१ जानेवारीला गोळीबार झाला आणि मे महिन्यात वस्ती मोडून लोकांना परत पाठवलं. किती जीव गेले यावर आजही एकमत नाही. उरलेल्यांतले बरेच पुन्हा याच दिशेच्या गाडीत बसले. ज्या छावणीतून सुटलो म्हणून दिवे लावले, तिथेच पुन्हा येऊन उतरायचं!

दुसरं पान 'पी.एल.'चं. निराधार विधवा, म्हातारी, अपंग अशी जी माणसं शेतीवर पाठवता येत नव्हती, त्यांची सरकारनं वेगळी यादी केली. यादीचं नाव 'पर्मनंट लायबिलिटी', म्हणजे कायमचा बोजा. मानात त्यांच्यासाठी वेगळं निवासस्थान होतं. फाळणीत नवरा गमावलेल्या बाईची सरकारी कागदावरची ओळख 'कायमचा बोजा'! ज्या कुणी हा शब्द योजला, त्यानं तो टाइप करताना क्षणभर तरी थांबायला हवं होतं.

आता कायद्याकडे वळते. थोडं किचकट आहे, पण घरातलं उदाहरण घेतलं की कळतं.

भारतात जन्मलेल्यांसाठी तीन काळ आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान इथे जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक आहे, आई-वडील कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक हवा. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे १९६५ मध्ये मानात जन्मलेला माणूस निःसंशय भारतीय. पण सिंधमधून व्हिसावर आलेल्या जोडप्याचं २०१२ मध्ये रायपूरच्या इस्पितळात जन्मलेलं मूल? ते नागरिक नाही. छत्तीसगढी बोलतं, इथल्याच शाळेत पहिलं येतं, पण नागरिक नाही.

हे सिंधी शेजारी आपल्याला नवे नाहीत. फाळणीनंतर आलेल्यांनी या शहराचा बाजार उभा केला. नंतरही येणारे थांबले नाहीत. रायपूरच्या शदाणी दरबाराचं मूळ स्थान सिंधच्या घोटकी जिल्ह्यातल्या हयात पिताफी गावात आहे. १९७४ च्या भारत-पाक करारामुळे तिथे यात्रेकरूंचे जथे जात आले, आणि तिकडचे भाविक इकडे येत आले. काही इथेच राहिले. त्यांचा आधार म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा, बोलीभाषेत 'एलटीव्ही'.

२०१६ मध्ये केंद्रानं या व्हिसाधारकांना बँकेत खातं उघडायची, राहण्यापुरतं घर घ्यायची, स्वतःचा धंदा करायची, पॅन, आधार आणि वाहन परवाना काढायची मुभा दिली. नागरिकत्वाच्या नोंदणीची फी तीन ते पंधरा हजारांच्या घरात होती, ती शंभर रुपयांवर आणली. त्याच वर्षी काही जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत आपलं रायपूर होतं, नागपूर-पुणेही होतं. मे २०२१ मध्ये दुर्ग आणि बलौदाबाजार जोडले गेले. पूर्वी दिल्लीकडे डोळे लावून बसावं लागे. आता कलेक्टोरेटच्या जिन्यात लोक पेढे वाटताना मी पाहिले आहेत.

नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांसाठी अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आली. अर्ज ऑनलाइन होतो आणि जिल्हा समितीसमोर मूळ कागद दाखवून निष्ठेची शपथ घ्यावी लागते. या यादीत मुस्लिमांचं नाव नाही, म्हणून कायद्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात आहे. संकटात सापडलेल्याला धर्म विचारून दार उघडावं, हे माझ्या मनाला पटत नाही. पण ज्यांच्यासाठी दार उघडलं आहे, त्यांना उंबऱ्याशी अडकू द्यायचं नाही, हेही तितकंच खरं.

२०२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या हिंदूंना वगळलं होतं, पण ती बातमी नीट पोचेपर्यंत घराघरांत बॅगा भरून झाल्या होत्या. १ सप्टेंबरपासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा एकत्रित कायदा लागू झाला. त्याबरोबरच्या आदेशानं, त्याच सहा धर्मांच्या ज्या लोकांनी ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आसरा घेतला, त्यांना कागद नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली. इथे लोक गफलत करतात. ही सूट राहू देण्याची आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच आहे.

बंगाली वस्त्यांचं दुखणं वेगळं. त्यांतली बरीच घरं नामशूद्र समाजाची. पश्चिम बंगालात ही अनुसूचित जात आहे, छत्तीसगढच्या यादीत नाही. शिवाय इथे जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचं इथलं वास्तव्य दाखवावं लागतं. ओबीसींसाठी ती तारीख १९८४ ची आहे. आपल्यातल्या अनेकांनी पटवाऱ्याकडे 'मिसल', म्हणजे जुनी महसुली नोंद, शोधत चपला झिजवल्या आहेत, म्हणून हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्यांचं गाव १९६४ मध्ये मागे राहिलं, त्यांनी कुठली मिसल आणायची?

२०२५ च्या नोव्हेंबरात मतदार याद्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा हीच धावपळ आपल्या घरांतही दिसली. २००३ च्या यादीत स्वतःचं किंवा आई-वडिलांचं नाव शोधायचं होतं. अमरावती-अकोल्याहून लग्न होऊन आलेल्या सुना माहेरी फोन लावत होत्या, 'बाबांचं नाव कुठल्या बूथवर होतं हो?' दोन आठवडे आपण हैराण झालो. मानात अशी हैराणी साठ वर्षं चालू आहे.

आणि आता त्यात भीती मिसळली आहे. जुलै २०२५ मध्ये कोंडागावात नदिया जिल्ह्यातल्या बांधकाम मजुरांना पोलिसांनी ताब्यात घेतलं, पुढे सोडलं. ते भारतीयच होते. मानातली एक मुलगी मला म्हणाली, 'बसमध्ये आईचा फोन आला की मी हिंदीत बोलते.' आणि डिसेंबरात केरळात, वाळयारजवळ, आपल्या सक्ती जिल्ह्यातल्या एका मजुराला जमावानं 'तू बांगलादेशी का?' असं विचारत मरेपर्यंत मारलं. छत्तीसगढिया माणूस होता तो. संशय एकदा मोकाट सुटला की तो कुणाची भाषा ऐकून घेत नाही.

आता कामाचं. मदत आहे, ती माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या बाराव्या कलमात शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. कुठलीही स्त्री आणि कुठलंही मूल, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय आहे, फोन १५१००. शाळेचंही तसंच. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्माची नोंद मात्र वेळेत करा, असं प्रत्येक घरी सांगा. ती नोंद नागरिकत्व देत नाही. पण जन्म कुठे आणि कधी झाला, हे पुढे कुणाला नाकारता येत नाही.

बहुतेक अर्ज कशावर अडतात, ठाऊक आहे? नावावर. सीमेवर मिळालेल्या जुन्या बॉर्डर स्लिपवर इंग्रजीत 'बिस्वास', हिंदी कारकुनानं लिहिलं 'विश्वास', शाळेत 'बिश्वास'. एकाच माणसाची तीन माणसं होतात. आपल्या 'काळे'चा इथे 'काले' झाला, तेव्हा आपण हसून सोडून दिलं. त्यांना सोडून देता येत नाही. शपथपत्र, जाहीर सूचना, पुन्हा रांग. मानातल्या एका आजींची स्लिप मी हातात घेतली, आठ घड्या घातलेली. घडीवर कागद विरला होता आणि नेमकं तिथेच गावाचं नाव होतं. आजी नाव तोंडानं सांगत होत्या, पुन्हा पुन्हा. पण तोंडाचं नाव अर्जाला जोडता येत नाही.

म्हणून माझं मागणं असं. आपल्यात निवृत्त तहसील कारकून आहेत, बँकवाले, भिलाईचे अधिकारी, शिक्षक आहेत. कागद वाचणं, ताडून पाहणं, स्वच्छ अर्ज लिहिणं यात आपला हातखंडा आहे. बिंबाजींच्या काळापासून हाच तर आपला इथला धंदा. महिन्यातले दोन शनिवार, संध्याकाळी दोन तास, या सभागृहात दोन टेबलं लावू. एकावर नावं ताडायची, दुसऱ्यावर अर्ज भरायचे. कागदांचे आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवायचे; लॅमिनेशन करू द्यायचं नाही, मागचा शिक्का नीट तपासता येत नाही. पैसे घ्यायचे नाहीत, आणि कुणाचा कागद घरी न्यायचा नाही.

दाराशी वही ठेवली आहे. नाव, फोन, आणि कुठल्या लिप्या वाचता येतात ते लिहा. घोटकीहून आलेले शाळेचे दाखले सिंधी-अरबी लिपीत असतात आणि इथली नवी सिंधी मुलं देवनागरी वाचतात. ती जुनी लिपी वाचणारं तुमच्या कॉलनीत कुणी असेल, बहुधा ऐंशीच्या पुढचं. उद्या सकाळी त्यांच्याकडे जा आणि विचारा, शनिवारी आमच्याबरोबर याल का. रिक्षानं आणू-सोडू.