क्रांतीचा इतिहास आणि कागदाची साक्ष : प्रा. य. दि. फडके यांची अभ्यासपद्धती व रायगडचा किनारा



क्रांतिकारकांविषयी गौरवाने बोलणे सोपे असते, नेमके बोलणे अवघड असते. जयंतीच्या भाषणात एखादा प्रसंग रंगवून सांगितला जातो, पुढच्या वर्षी त्यात थोडी भर पडते आणि दोन पिढ्यांनंतर मूळ कोणते व भर कोणती हे गावातील वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नाही. या भरीचा आणि मुळाचा निवाडा करण्यात ज्यांनी आपले अभ्यासकाचे आयुष्य वेचले, त्यांत प्रा. यशवंत दिनकर फडके यांचे स्थान वरचे आहे.

प्रा. फडके यांचा जन्म १९३१ साली सोलापूरला झाला. त्यांचे अध्यापन राज्यशास्त्राचे. पुणे विद्यापीठात आणि पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी शिकविले. लेखन मात्र बव्हंशी इतिहासाचे झाले. ही विषयांची सरमिसळ त्यांच्या फायद्याचीच ठरली असे म्हणावे लागेल. राज्यशास्त्राचा प्राध्यापक चळवळीकडे पाहताना सत्ता कोणाकडे होती, पैसा कोठून आला, कायदा कोणता लागू होता, कोणत्या गटाने कोणाला साथ दिली, हे प्रश्न आपोआप विचारतो. केवळ चरित्रकाराला ते सुचतीलच असे नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत यांचे आडनावही फडके होते. प्रस्तुत व्याख्यानात ‘प्रा. फडके’ असा उल्लेख येईल तो अभ्यासकाचा. क्रांतिकारकाचा उल्लेख ‘वासुदेव बळवंत’ असाच येईल.

क्रांतिकारक राजकारणावरील त्यांचे महत्त्वाचे लेखन १९८० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. सेनापती बापट यांचे इंग्रजी चरित्र १९८१ साली आले, ‘शोध सावरकरांचा’ हा ग्रंथ १९८४ साली, आणि त्याच दशकात ‘लोकमान्य टिळक आणि क्रांतिकारक’. यांतील शेवटच्या ग्रंथाचा विषय विशेष नाजूक होता. क्रांतिकारकांच्या कृत्यांमागे टिळकांचा हात आहे, असे इंग्रज सरकारला सिद्ध करावयाचे होते. कारण त्यावाचून त्यांना पुरते अडकविता येत नव्हते. टिळकांच्या काही भक्तांनाही तेच सिद्ध करावयाचे होते, कारण त्याने टिळकांची थोरवी वाढते असे त्यांना वाटे. दोन विरुद्ध टोकांच्या पक्षांना एकाच विधानाची गरज असली की ते विधान पुराव्यावाचूनही रूढ होते. अशा वेळी अभ्यासकाने प्रत्येक आख्यायिकेला एकच प्रश्न विचारावा : हे प्रथम कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि लिहिणारा त्या वेळी कोठे होता? घटनेनंतर तीस वर्षांनी सांगितलेली आठवण आणि घटनेच्या आठवड्यात लिहिलेले पत्र यांचे वजन सारखे नसते. अभिलेखागारातील फायली, जुनी वृत्तपत्रे, खाजगी पत्रव्यवहार आणि आठवणी ही सर्व साधने प्रा. फडके यांनी वापरली ती एकमेकांसमोर उभी करून. त्यांची लेखणी परखड होती, आणि त्यामुळे रागावलेल्यांची संख्याही लहान नव्हती.

सेनापती बापट यांच्या चरित्रात आणखी एक प्रश्न आपसूक उभा राहतो. ‘क्रांतिकारक’ कोणाला म्हणावे? पारनेरचा हा तरुण शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्या मिळविण्याच्या उद्योगात सामील झाला, काही वर्षे भूमिगत राहिला. आणि तोच पुढे १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रहात उतरला. एकाच माणसाच्या आयुष्यात बॉम्ब आणि बांध दोन्ही आले. क्रांतीचा इतिहास पिस्तुलापाशी सुरू होऊन पिस्तुलापाशीच संपतो, ही समजूत अशा चरित्रापुढे टिकत नाही.

हा प्रश्न मनात ठेवून रायगड जिल्ह्याकडे पाहिले तर दृश्य विलक्षण आहे. पनवेल, उरण, अलिबाग या तीन तालुक्यांच्या पट्ट्यात साठ वर्षांच्या अवधीत क्रांतिकारक राजकारणाचे तीन वेगवेगळे प्रकार घडून गेले. सशस्त्र बंड झाले, जंगल सत्याग्रह झाला आणि कुळांचा संप झाला. प्रा. फडके यांच्या पद्धतीने ते वाचू गेल्यास प्रत्येक ठिकाणी साधनांची अडचण निराळी आहे.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणचा. पुण्यास लष्करी हिशेब खात्यात नोकरी, १८७६-७७ च्या दुष्काळाचे दर्शन, रामोश्यांची जुळवाजुळव, फेब्रुवारी १८७९ मधील धामारीचा छापा हा क्रम बहुतेक शिक्षकांना पाठ आहे. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकाच्या टोळीने घाट उतरून पळस्पे व चिखले येथे छापे घातले, आणि परतीच्या वाटेवर सरकारी फौजेशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारला गेला. वासुदेव बळवंत जुलैत पकडले गेले. जन्मठेपेवर एडनला गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच निवर्तले.

या माणसाच्या मनात काय चालले होते हे आज कळते ते कशावरून? त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त आणि रोजनिशी पोलिसांच्या हाती पडली, खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली आणि तिचे इंग्रजी भाषांतर सरकारी दप्तरात राहिले. मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यात हे कागद आले. ज्या सरकारने त्यांना दरोडेखोर ठरविले त्याच सरकारच्या फायलीने त्यांचे शब्द जपले. घरातील माणसांनी भीतीपोटी कागद जाळले असते तर नवल नव्हते. शत्रूने मात्र ते क्रमांक घालून ठेवले. परंतु या साधनाला एक मर्यादा आहे. भाषांतर सरकारी भाषांतरकाराचे आहे आणि ते आरोप सिद्ध करण्याच्या हेतूने झाले आहे, हे विसरून त्यातील वाक्ये उद्धृत करणे धोक्याचे.

येथेच एक व्यवहारातली सूचना करावीशी वाटते. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८७९ साली पनवेल कुलाब्यातही नव्हते, ते ठाणे जिल्ह्यात होते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरात पनवेलचे वर्णन मिळते ते यामुळेच. पळस्प्याच्या छाप्याचे कागद कुलाब्याच्या दप्तरात शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परत येईल, आणि कागदच नाहीत असा निष्कर्ष काढून बसेल.

चिरनेरची गोष्ट अधिक अवघड आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी आक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतील लोक जंगलचा कायदा मोडण्यासाठी कोयते घेऊन जमले. पोलिसांनी गोळीबार केला. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, रामा बामा कोळी, आनंदा माया पाटील, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी पाटील आणि आलू बेमट्या म्हात्रे हे आठ जण हुतात्मे झाले. ही यादी हळू वाचावी. कातकरी, न्हावी, कोळी अशी नावे एका ओळीत येतात. स्वातंत्र्याची चळवळ शहरातील शिकलेल्यांची होती, या विधानाला दुसरे उत्तर द्यावयाची गरज उरत नाही.

त्या दिवशी आणखी एक मृत्यू झाला. मामलेदार केशव महादेव जोशी हेही आक्कादेवीच्या माळावरच मरण पावले. ते पोलिसांच्या गोळीने गेले, असे गावोगाव सांगितले जाते. एक सरकारी अधिकारी, कर्तव्यावर असताना, सत्याग्रहींच्या जमावापाशी मृत्युमुखी पडतो, आणि त्याचे नाव ना सरकारच्या गौरवात ठळक होते, ना चळवळीच्या. या सभेत महसूल खात्यातील मंडळी बसली आहेत. त्यांना या प्रश्नाचे वजन अधिक कळेल. अशा ठिकाणी प्रा. फडके यांची पद्धत लागते. खटल्यातील साक्षी, त्या आठवड्याची वृत्तपत्रे आणि मृतांच्या घरातील सांगी शेजारी शेजारी ठेवावी. ज्या जागी ती जुळतात ते लिहावे आणि ज्या जागी जुळत नाहीत तेही लिहावे.

तिसरा प्रसंग चरीचा. त्यात गोळीबार नाही, म्हणून तो क्रांतीच्या इतिहासात उशिरा शिरला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरविले की खोत-सावकारांची जमीन कसावयाची नाही. पंचवीस गावे या संपात होती आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. भातावर जगणाऱ्या माणसाने सहा पावसाळे भात न लावणे म्हणजे काय, हे खारेपाटातील माणसालाच पुरते कळेल. खारजमिनीचा बांध दरवर्षी राखावा लागतो, उघाडी वेळेवर उघडावी-लावावी लागते. तिकडे दुर्लक्ष झाले की भरतीचे पाणी आत येते, आणि एकदा खारावलेली जमीन पुन्हा भाताला यावयास काही वर्षे जातात. संप करणारा आपल्याच हातांनी बांधलेल्या बांधाकडे पाठ फिरवीत होता. लाकूडफाटा आणि मासेमारी यांवर घरे चालली. १९३४ साली चरीला भरलेल्या शेतकरी परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. १९३९ साली महसूलमंत्री मोरारजी देसाई यांच्या मध्यस्थीनंतर संप मिटला. त्याच वर्षी कुळवहिवाटीचा कायदा झाला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यान्वये, आणि कसणाऱ्याच्या मालकीचा ‘कृषक दिन’ उजाडला तो १ एप्रिल १९५७ रोजी.

या संपाची साधने कोठे आहेत? काही वृत्तपत्रांत आहेत. नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली सुरू केलेल्या ‘कृषीवल’चे जुने अंक त्यांत मोडतात. परंतु एक साधन असे आहे की ज्याला अभ्यासक क्वचित हात लावतात आणि ज्याच्याजवळ तलाठी रोज बसतो. कबुलायती, फेरफार नोंदवही, पीकपाहणी, हक्कनोंदणीची जुनी पुस्तके. एखाद्या गटात १९३३ पूर्वी कोणाचे नाव होते, संपाच्या वर्षांत ती जमीन पड दिसते की नाही, संरक्षित कुळ म्हणून प्रथम कोण लागले आणि १९५७ नंतर मालक म्हणून कोण लागले, हे त्या पुस्तकांतून ओळीओळीने काढता येते. संपात किती घरे टिकली आणि किती फुटली याचा हिशेब दुसऱ्या कोणत्याही कागदात एवढ्या बारकाईने मिळण्यासारखा नाही. मोडी वाचणारा एक शिक्षक, एक तलाठी आणि गावातील एक जाणता कुळाचा वारस एवढी तीन माणसे एका गावाचे काम करू शकतील.

प्रा. फडके यांनी ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ हा बहुखंडी ग्रंथ हाती घेतला तेव्हा सारे शतक कागदोपत्री उभे करण्याचा संकल्प होता. एका माणसाने अंगावर घेण्याजोगे हे काम नव्हे. तरी त्यांनी ते खंडामागून खंड पुढे नेले. २००० साली बेळगावला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जानेवारी २००८ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले. अशा ग्रंथात एका गावाला फार तर एखादा परिच्छेद मिळतो, आणि तोही गावाकडून मुंबईपर्यंत पोचलेल्या कागदांवरच लिहावा लागतो. चरी-पोयनाड परिसरातील जुनी हक्कनोंदणीची पुस्तके खाऱ्या दमट हवेत आहेत. त्यांची पाने सुटी होण्याआधी गावनिहाय नकला करावयाच्या झाल्यास आरंभ त्या पंचवीस गावांच्या यादीपासून करता येईल.