मुरगळलेला घोटा आणि डोळस उपचार
(राई येथे कबड्डीपटू व त्यांच्या पालकांपुढे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, पत्रकार आहे. पुरावा मागण्याची खोड तेवढी जडली आहे. मुर्धा, राई, मोर्वा या आपल्या पट्ट्यात खेळताना कुणाचा घोटा मुरगळला, की पहिला उपाय ठरलेला : तेल लावून रगडणे. तरुणपणी माझाही घोटा असाच रगडला गेला आणि दुसऱ्या दिवशी भाकरीसारखा टम्म फुगला! ताज्या दुखापतीत आत रक्त झिरपत असते. चोळल्याने सूज वाढण्याचाच धोका.

मग हाड मोडले की काय, हे ओळखावे कसे? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी साधे नियम मांडले. घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या उंचवट्याची मागची कड किंवा टोक दाबल्यावर हाडात कळ येते काय? दुखापत होताच, आणि पुढे तपासणीच्या वेळीही, चार पावले टाकणे अशक्य होते काय? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर एक्स-रे काढावा. पाऊल दुखत असल्यास त्याचीही तपासणी हवीच. ती डॉक्टरांनी करावी, मैदानावरच्या जाणत्यांनी नव्हे.

बर्फाची कथा तर मोठी उद्बोधक आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत बरी होणे लांबू शकते, असे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले! पुराव्यापुढे स्वतःचे मत मागे घेणारा माणूस मला मोठा वाटतो. वेदना शमवण्यापुरता थोडा वेळ बर्फ चालेल. परंतु हाड शाबूत असल्यास झेपेल तशी हालचाल आणि पुढे एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम हवा. पुन्हा मुरगळणे त्यानेच टळते.

सचिन तेंडुलकरचे कोपर आठवते ना? २००४ मध्ये ‘टेनिस एल्बो’ने तो बेजार झाला, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या. म्हणून प्रत्येकाने शस्त्रक्रियेकडे धावू नये. बहुतेकांचे कोपर तिच्यावाचूनच बरे होते. इंजेक्शनचेही तसेच. ऑस्ट्रेलियातील २००६ च्या एका चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्यांना सहा आठवड्यांत सर्वाधिक आराम पडला. पुढे मात्र त्यांचेच दुखणे अधिक उलटले. स्पर्धा तोंडावर असताना पोराला सुई टोचून उतरवू पाहणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

मागे एका पोराच्या घोट्याला पट्टी दिसते आहे. त्याने पुढे यावे. डॉक्टर येथे आहेतच. आधी चार पावले टाकून दाखव पाहू.