गोदावरी : एका नावाचे मोल

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात देवळाली प्रवरा येथे दिलेले व्याख्यान)



मुलींच्या पारंपरिक नावांविषयी या प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. विषय गोड आहे, पण त्याचा पसारा मोठा आहे. नावांची यादी वाचून दाखविली म्हणजे व्याख्यान होत नाही. म्हणून मी एकच नाव निवडले आहे. ते नाव म्हणजे गोदावरी. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे ते नाव, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घरगुती आहे. माझ्या आजीचे ते नाव होते, आणि ही गोष्ट मला तिच्या मृत्यूनंतर कळली.

प्रथम अर्थ पाहू. ‘गो’ या शब्दाचे संस्कृतात गाय, पृथ्वी, जल असे अनेक अर्थ आहेत. ‘दा’ म्हणजे देणारी. गोदा म्हणजे गाय देणारी, जल देणारी. आणि अशांमध्ये जी श्रेष्ठ, ती गोदावरी, असा अर्थ परंपरा लावते. पुराणकथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. गौतम ऋषींनी दर्भाच्या काडीने गाईस हाकलले आणि ती गतप्राण झाली. त्या पातकाच्या क्षालनार्थ त्यांनी तप केले व ब्रह्मगिरीवर गंगा उतरविली. म्हणून हिला गौतमी म्हणतात, दक्षिणगंगाही म्हणतात. गौतमांची पत्नी अहल्या. त्र्यंबकेश्वरी ‘अहिल्या’ नावाचा एक लहान प्रवाह गोदावरीस मिळतो. पती, पत्नी आणि नदी अशी तीन नावे तेथे एका ठिकाणी नांदतात. त्यांतील अहिल्या हे नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्यानेच अधिकृतपणे धारण केले. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या पुण्याईने ते येथे आले, हे सांगावयास नकोच.

गोदावरीचा इतिहास म्हणजे महाराष्ट्राचाच इतिहास होय. रामायणातील पंचवटी हिच्या तीरावर, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे पैठणही हिच्याच तीरावर. हालाच्या गाथासप्तशतीत ही नदी ‘गोला’ या प्राकृत नावाने पुनःपुन्हा भेटते. तिच्या काठचे शेतकरी, त्यांच्या लेकीसुना आणि वाहते पाणी हे त्या गाथांचे विश्व आहे. याच सातवाहन कुळातील सर्वांत पराक्रमी राजा आपल्या मातेच्या नावाने प्रसिद्ध झाला : गौतमीपुत्र सातकर्णी. तेथील ‘गौतमी’ हे पद गोत्रावरून आलेले असले, तरी पुत्राची ओळख मातेवरून सांगितली जात होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती आपल्या प्रवरेच्या काठी नेवासे येथे. परंतु ग्रंथाच्या अखेरीस स्थलनिर्देश करताना ज्ञानदेवांनी गोदावरीचेच नाव घेतले. आजही कोणत्याही मंगलकार्याच्या संकल्पात, गोदावरीच्या दक्षिण तीरी किंवा उत्तर तीरी अमुक कार्य करतो, असे म्हटल्यावाचून पुरोहित पुढे जात नाही.

अशा नदीचे नाव मुलीस ठेवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. स्नानाच्या वेळी ज्या सात नद्यांना आपण पाण्यात आवाहन करतो त्या गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी. या साती नद्या मराठी घरांत लेकी म्हणून वावरल्या आहेत. गोदावरीचे तर किती लडिवाळ अपभ्रंश झाले! गोदा, गोदू, गोदाई, गोदाक्का, गोदाबाई, गोदूताई. नाव जितके वापरावे तितके ते मऊ होते, जुन्या लुगड्यासारखे.

येथे एक मौज सांगितली पाहिजे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव कसे असावे ते सांगितले आहे. ते सुखाने उच्चारता यावे, कठोर नसावे, अर्थ स्पष्ट असावा, मनोहर व मंगल असावे, शेवटी दीर्घ स्वर असावा. गोदावरी हे नाव या कसोट्यांस सहज उतरते. परंतु त्याच स्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो की नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींची नावे असलेली कन्या विवाहास वरू नये! महाराष्ट्रातील आयाबायांनी हा निषेध मानला नाही. त्यांनी पाळण्यात घालून नद्यांचीच नावे ठेवली आणि त्या लेकींची लग्नेही लावून दिली.

लग्ने झाली, पण नावे मात्र पुष्कळदा टिकली नाहीत. गृहप्रवेश होतो, लक्ष्मीपूजन होते, ताटात तांदूळ पसरले जातात, वर सोन्याच्या अंगठीने त्यावर नवे नाव लिहितो, आणि पेढे वाटले जातात. अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी या माहेरच्या यमुना. सेवासदनाच्या रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. ज्यांच्या संसाराचा काही काळ नगर व राहुरी येथे गेला, त्या ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ साली ज्या विधवेशी विवाह केला ती गोदूबाई. पुढे ती आनंदीबाई झाली.

या प्रथेत केवळ अन्यायच होता असे मी म्हणणार नाही. नव्या घराने नव्या नावाने हाक मारावी, त्यात जिव्हाळाही असे. वैधव्याचे दुःख भोगलेल्या गोदूबाईंच्या वाट्याला ‘आनंदी’ हे नाव यावे, यात मला शुभेच्छाच दिसते. वर सांगितलेल्या थोर स्त्रियांची मूळ नावे आपणांस ठाऊक आहेत, कारण त्यांची चरित्रे आणि आत्मचरित्रे लिहिली गेली. ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, त्यांच्या नावाचे काय झाले?

आता माझ्या आजीकडे येते. तिचे माहेर प्रवरासंगमाजवळचे. १९३९ साली लग्न होऊन ती देवळालीस आली. आम्हां नातवंडांस ती ठाऊक होती ती रुक्मिणीबाई म्हणून. घरपट्टी, शिधापत्रिका, मतदारयादी, सर्वत्र रुक्मिणीबाई. वर्षातून एकदा ती संगमावर स्नानास जाई व आम्हांस नेई. प्रवरेचे पाणी गोदावरीत शिरते ते ठिकाण दाखवून ती म्हणे, “पोरींनो, इथून पुढं हिला प्रवरा म्हणत नाहीत. पण गावाचं नाव बघा, प्रवरासंगम. गावानं तिला टाकलं नाही.” आम्ही हसत असू. त्या बोलण्यात तिचे स्वतःचे काही असेल असे आम्हांस वाटले नाही.

१९९१ साली ती वारली. तिच्या वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा होता. १९६३ साली वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली, तेव्हा भावाने प्रामाणिकपणे बहिणीचे नाव सांगितले होते. ते त्याला ठाऊक असलेले नाव : गोदावरी. इकडे मृत्यूचा दाखला रुक्मिणीबाईंचा. गोदावरी आणि रुक्मिणी ही एकच बाई, हे सिद्ध करण्यात आमची तीन वर्षे गेली. माझी आई आणि मावशी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होत्या. त्यांनी आपल्या संघाची जुनी कुटुंबसूची आशेने उघडली. तीत आजोबांचे नाव होते, पणजोबांचे होते, मूळ गाव व गोत्र होते; आणि आजीच्या पुढे ‘सौ. रुक्मिणीबाई, माहेर टोके’ एवढेच होते. अखेर माहेरच्या नव्वदीच्या एका वृद्धेने प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठविला. आईने सांगितले की त्या म्हातारीने कागद ऐकल्यावर एवढेच विचारले, “म्हणजे आमच्या गोदीला तिकडं कुणी गोदी म्हणतच नव्हतं का?”

बंधुभगिनींनो, या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्या लग्नात पुरोहिताने गोदावरीच्या तीराची साक्ष ठेवून संकल्प सोडला असेल, त्याच लग्नात गोदावरी नावाच्या मुलीचे नाव तांदळात पुसले गेले. सोळा वर्षे ज्या हाकेला ती ‘ओ’ देत आली, ती हाक त्यानंतर बावन्न वर्षे या घरात कोणी मारली नाही.

याउलट उदाहरण आहे ते गोदावरी परुळेकरांचे. १९०७ साली पुण्यात गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९३९ साली, म्हणजे माझ्या आजीच्या लग्नाच्याच वर्षी, त्या परुळेकर झाल्या. परंतु गोदावरी त्या गोदावरीच राहिल्या. वारली आदिवासींमध्ये त्यांनी केलेले कार्य ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे, आणि त्यास १९७२ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, तिला त्यांचेच नाव आहे. त्यांच्या राजकीय मतांशी कोणाचा मतभेद असू शकेल. पण आत्याने पाळण्यात कानात सांगितलेले नाव अखेरपर्यंत टिकले, तर ते किती लोकांच्या उपयोगी पडू शकते, हे तेथे दिसते.

गोदावरी हे नाव आज बारशाच्या घरी क्वचितच ऐकू येते. आजीच्या पिढीनंतर कुसुम, विमल, प्रमिला आल्या. त्यानंतर सुनीता, संगीता आल्या. आता आणखी नवी, छोटी नावे आली आहेत. यात खेद मानण्याचे कारण नाही. नावांनाही ऋतू असतात. नाव जुने झाल्याने जात नाही, ते कोणी उच्चारावयाचे थांबले म्हणजे जाते.

कायदा आता आपल्या पुढे गेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलासारखाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व सबंध देशाने २००५ साली दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांपुरते, वडिलांच्या आधी आईचे नाव लिहावयाचे आहे. म्हणजे आईचे नाव कोणते, हा प्रश्न आता प्रत्येक घरास विचारला जाणार. गौतमीपुत्राच्या भूमीस तो प्रश्न नवा वाटू नये.

संघापुढे मी तीन विनंत्या नम्रपणे ठेवते. पहिली, येत्या कुटुंबसूचीत प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे ‘जन्मनाव’ असा एक रकाना असावा. दुसरी, ज्या घरी लग्नात नाव बदलण्याची रीत आहे, त्यांनी तांदळात अंगठी फिरविण्यापूर्वी त्या मुलीस विचारावे, आणि तिचा नकार मानाने स्वीकारावा. तिसरी विनंती सर्वांत सोपी आहे. आज घरी गेल्यावर आजीला, चुलत आजीला, मावशीला विचारा की माहेरी तुला काय म्हणत होते. उत्तर वहीत लिहून ठेवा, आणि एकदा त्या नावाने तिला हाक मारून पाहा.

आपल्या गावाकडेच पाहा. नुसते देवळाली म्हटले की ऐकणाऱ्यास नाशिकजवळची देवळाली आठवते. म्हणून आपण गावाच्या नावास प्रवरा जोडतो. नदीच्या नावावाचून आपली ओळख पुरी होत नाही, हे या गावाने केव्हाच मान्य केले आहे. मग आपल्या घरांतल्या गोदा, यमुना आणि कृष्णा यांची नावे सूचीबाहेर का राहावीत?

माझ्या आजीचे नाव गोदावरी होते. या स्मरणिकेत ते छापले जावे, एवढ्यासाठी तरी मी हे व्याख्यान लिहून काढले आहे.