फुकटच्या सोहळ्याची किंमत



फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत विचारू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. आज आम्ही ती विचारणार आहोत. विषय आहे दक्षिण कोरियातील सोल शहरच्या दीपोत्सवाचा. तिकडे त्याला ‘योनदुंगह्वे’ म्हणतात.

चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याची अष्टमी हा त्या लोकांचा बुद्धजन्माचा दिवस. बहुधा आपल्या वैशाखी पौर्णिमेच्या आसपास येणारा. त्याआधीच्या एका शनिवारी संध्याकाळी चोंगनो हा हमरस्ता मोटारींना बंद होतो. पूर्वेच्या जुन्या वेशीपासून चोग्ये मंदिरापर्यंत हजारो माणसे कागदी कंदील घेऊन चालतात. कोठे कमळ, कोठे हत्ती, मध्येच झांजा-ढोलांचा ताफा. तिकीट नाही, पास नाही. कडेला उभा राहील तो पाहुणा. २०२० साली युनेस्कोने हा उत्सव मानवजातीच्या वारशात नोंदला.

आता हिशेब मांडू. कंदिलाला कागद थोडा लागतो, वेळ फार लागतो. तो करायला मोकळे हात हवेत आणि पाहायला मोकळी संध्याकाळ हवी. ती मोकळीक कोणी दिली?

मिरवणूक जेथून निघते, त्या वेशीपासून थोडे दक्षिणेला गेले की छंग्ये ओढ्याकाठी प्योंगह्वा बाजार लागतो. प्योंगह्वा म्हणजे शांती. १९६० नंतरच्या दशकात तेथील माळ्यांवर ताठ उभे राहता येत नव्हते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी तेथे दिवसाला चौदा तास शिवण शिवीत. सुट्ट्या महिन्यातून दोन. चॉन थे-इल हा त्यांच्यातलाच एक कारागीर. देशात कामगार कायदा आहे हे कळताच त्याने तो मिळवून वाचावयास घेतला. पुस्तकातली चिनी अक्षरे अडत, तेव्हा कॉलेजात शिकलेला एखादा मित्र असता तर, असे त्याला वाटे. अर्ज झाले, विनवण्या झाल्या. अखेर १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्या बाजारासमोर बावीस वर्षांच्या त्या पोराने स्वतःला पेटवून घेतले. त्याच महिन्यात तेथे शिवणकामगारांची युनियन उभी राहिली; त्याच्या आईने, यी सो-सन यांनी, पुढचे सारे आयुष्य त्या कामाला दिले.

हे दूरचे वाटत असेल, तर घराकडे पाहू. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांपुढे मांडले होते. म्हणजे सण आणि सुट्टी यांची गाठ तेव्हाच बांधली गेली.

ती गाठ आज सैल होते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगतात. ज्याची नोकरी मालकाच्या मुठीत, त्याच्या संमतीचे वजन किती, हे आम्ही तीस वर्षे फाटकांवर उभे राहून पाहिले आहे. बारा तास उभा राहिलेला माणूस घरी जाऊन निजेल. तो ना कंदील करील, ना व्याख्यानाला येईल.

म्हणून एवढीच विनंती. आपल्या गावच्या कोणत्याही फुकट जलशात शेजारची खुर्ची रिकामी दिसली, तर ज्याने यायचे तो कोणत्या पाळीवर आहे, याची चौकशी करा. आणि त्याच्या तासांचा प्रश्न निघेल तेव्हा त्याच्या बाजूला उभे राहा.