धानाचा कोंडा, खाण्याचे तेल आणि आपले हृदय



मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा विद्यार्थीही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. आकडे तपासणे हे माझे रोजचे काम. तेव्हा आजच्या विषयाकडे मी हिशेबाच्या नजरेने पाहणार आहे. विषय आहे रक्तातील कोलेस्टेरॉल आणि ते कमी करणारे वनस्पतींमधील घटक. ऐकायला विषय परका वाटतो. पण त्याचा धागा आपल्या भंडारा जिल्ह्यातील राईस मिलपर्यंत येऊन पोहोचतो.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीला ते लागते आणि बरेचसे आपले यकृतच तयार करते. परंतु त्याचा एलडीएल नावाचा प्रकार रक्तात जास्त झाला की तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतो, वाट अरुंद होते आणि एक दिवस हृदयविकाराचा झटका येतो. घरचा कर्ता माणूस गेला की काय होते, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ नसते. त्याऐवजी त्यांच्याकडे त्याचीच भावंडे असतात. त्यांना स्टेरॉल म्हणतात, आणि त्यांच्याच थोड्या वेगळ्या रूपाला स्टॅनॉल. ती दिसायला इतकी सारखी की आतड्यात ती कोलेस्टेरॉलची जागा अडवतात. समजा, काउंटरवर एका वेळी दहाच माणसे उभी राहू शकतात. त्यातील पाच जागा दुसऱ्यांनी धरल्या तर उरलेल्यांना परत जावे लागते. तसेच आतड्यात पित्ताने तयार केलेल्या सूक्ष्म थेंबांत जागा मर्यादित असते. ती स्टेरॉलने व्यापली की कोलेस्टेरॉल शौचावाटे बाहेर पडते. स्टेरॉल स्वतः मात्र रक्तात फारच थोडे शिरते. आतड्यातील कोलेस्टेरॉल केवळ अन्नातून नव्हे, तर पित्तातूनही येते. म्हणून शाकाहारी माणसालाही हा नियम लागू पडतो.

फिनलंड देशात याचा मोठा प्रयोग झाला. तेथील उत्तर कारेलिया भाग हृदयरोगासाठी कुप्रसिद्ध होता. त्या भागातील लोकांना स्टॅनॉल मिसळलेले मार्गारीन वर्षभर देण्यात आले. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एकूण कोलेस्टेरॉल सुमारे १० टक्के आणि एलडीएल सुमारे १४ टक्के घटले. त्याच वर्षी असे मार्गारीन तेथील बाजारात आले. पुढील अनेक अभ्यासांचा मेळ असा की रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल किंवा स्टॅनॉल घेतले तर एलडीएल साधारण ८ ते १० टक्के कमी होते.

आता आपल्या धानाकडे या. तुमसर, मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत धान हेच आपले जीवन. भरडाईत वरचा तूस निघतो, त्यानंतर तांदळावरचा तपकिरी थर निघतो तो कोंडा. या कोंड्यात साधारण १५ ते २० टक्के तेल असते. त्या तेलात १९५४ साली जपानी संशोधकांना ऑरिझॅनॉल नावाचा पदार्थ सापडला. नंतर कळले की तो एक पदार्थ नसून अनेकांचे मिश्रण आहे आणि त्यात वनस्पती-स्टेरॉलच फेरुलिक आम्लाशी जोडलेले असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही १९८० च्या दशकात कोंड्याच्या तेलावर काम केले आणि त्याचा कोलेस्टेरॉल उतरवण्याचा गुण दाखवून दिला.

मग हा कोंडा जनावरांपुढेच का जातो? कारण तांदूळ सडला की कोंड्यातील लायपेज नावाचे विकर जागे होते व तेल झपाट्याने खवट होऊ लागते. कोंडा लवकर तेल कारखान्यात पोचला किंवा उष्णता देऊन विकर मारले, तरच खाण्यायोग्य तेल निघते. उकडा तांदळाच्या कोंड्यात हे काम उकडतानाच होते. जुन्या हलर गिरणीत तर तूस व कोंडा एकत्रच पडतो, त्यातून तेल काढणे परवडत नाही. आपल्या तरुणांनी आणि सहकारी संस्थांनी या धंद्याकडे पाहावे, असे मला वाटते. धान आपले आणि तेल दुसऱ्याचे, असे किती दिवस चालायचे?

परंतु मित्रहो, इथेच हिशेब नीट मांडला पाहिजे. कोंड्याच्या तेलात ऑरिझॅनॉल व इतर स्टेरॉल मिळून अगदी उदारपणे २ टक्के धरा. माणशी रोज २५ ग्रॅम तेल खाल्ले तर अर्धा ग्रॅम झाला. २ ग्रॅमसाठी १०० ग्रॅम तेल प्यावे लागेल, म्हणजे ९०० कॅलरी! कोलेस्टेरॉल उतरेल आणि वजन चढेल. म्हणून हे तेल दुसऱ्या तेलाच्या जागी वापरा, त्याच्या वर भर म्हणून नव्हे. शुद्धीकरणाच्या काही पद्धतींत ऑरिझॅनॉल बरेचसे निघून जाते. तेव्हा पाकिटावरील आकडा वाचा. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का. आपले जवस चांगलेच आहे, पण त्याचे मोठेपण ओमेगा-३ मध्ये आहे, तो वेगळा विषय.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. 'नैसर्गिक' म्हणून महागड्या पुड्या व कॅप्सूल विकणारे गावोगाव फिरतात. त्यांच्या शब्दावर डॉक्टरांनी दिलेली गोळी कोणी बंद करू नये. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील अभ्यासात स्टॅटिन गोळीने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. वनस्पती-स्टेरॉलने रक्ताचा आकडा उतरतो हे सिद्ध आहे. झटके व मृत्यू टळतात असा पुरावा अद्याप नाही. हा फरक मोठा आहे. शिवाय एका दुर्मिळ आनुवंशिक विकारात स्टेरॉल रक्तात साचून उलट अपाय होतो. स्टेरॉल मिसळलेले पदार्थ गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि पाच वर्षांखालील बालके यांच्यासाठी नाहीत. जे घेतात, त्यांनी भाज्या व फळे जास्त खावीत, कारण भाज्यांतील कॅरोटीनचे शोषण काहीसे घटते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे. घरात महिन्याला किती तेल येते ते लिहून ठेवावे आणि माणशी वाटून पाहावे. तंबाखू, खर्रा, बिडी सोडावी. तिथे वाचलेला पैसा डाळ, भाजी आणि औषधाला लावावा. कोणी काही विकायला आला, तर 'किती, कशाने आणि पुरावा काय' असे तीन प्रश्न विचारावेत. ऐकले म्हणून मानू नका, तपासून माना, हीच तर आपली शिकवण आहे. ती स्वयंपाकघरातही पाळू या.