मृत्यूंची मोजणी आणि न्याय

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत, नेतिवलीच्या एका विहिरीत सफाईसाठी एक जण उतरला. त्याच्या मदतीला दोघे गेले, मग अग्निशमन दलाचे दोन जवान. पाचही जण विषारी वायूने दगावले. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत, एका गृहसंकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन सफाई कामगार गुदमरले. अशा घटनांना नुसता अपघात म्हटलं, की जबाबदारीही तिथेच बुडते. सामाजिक संशोधन पुढचे प्रश्न विचारतं: आत कुणी उतरवलं? वायू तपासला होता का? कुटुंबाला काय मिळालं? सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि देशभरातून अशी माहिती गोळा केली. १९९३ पासून गटारांत मरण पावलेल्यांची कुटुंबं शोधून प्रत्येकी १० लाख रुपये द्या, असा आदेश २०१४ मध्ये झाला. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली.

कुणी म्हणेल, नोंदींनी जीव वाचत नाही, यंत्रं आणा. यंत्रं हवीतच, पण ती कुठे कमी पडतात, हे नोंदींशिवाय कळणार कसं? २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू नाही; गटारांतले मृत्यू वेगळ्या रकान्यात होते. म्हणूनच मोजणी स्वतंत्र आणि प्रामाणिक हवी. श्रोतेहो, तुमच्या सोसायटीची सांडपाण्याची टाकी साफ होताना कुणालाही आत उतरू देऊ नका. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा तुमच्या बाजूने आहे.