विषाणू, कर्करोग आणि आपल्या मुली



कर्करोग हा शब्द आपल्या घरांतून अजून मोठ्याने उच्चारला जात नाही. आमच्या खाला तर नुसते ‘ते दुखणे’ म्हणतात. त्यात काही कर्करोगांच्या मुळाशी विषाणू असतात असे कानी आले, की रोग्याचा पेला निराळा निघायचा! म्हणून आधीच सांगतो, रोग्याच्या शेजारी बसल्याने वा जेवल्याने कर्करोग जडत नाही.

१९११ साली न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतका बारीक गाळला, की त्यात पेशी उरली नाही. तरी तो टोचल्यावर दुसऱ्या कोंबडीस तशीच गाठ आली. पुष्कळांना हे पटले नाही. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली! पुढे १९८३ साली जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगात चामखिळीच्या विषाणूचाच एक भाऊबंद आढळला.

आपल्या पेशीत दोन पहारेकरी असतात असे समजा. एक पेशीची वाढ आवरून धरतो. दुसरा बिघडलेल्या पेशीला दुरुस्तीसाठी थांबवतो, नाहीतर तिचा अंत घडवून आणतो. हा विषाणू आपल्या दोन प्रथिनांनी दोघांनाही निकामी करतो. मग पेशी बेबंद वाढतात, चुका साचत जातात. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. जिच्यात तो ठाण मांडतो, तिलाही कर्करोग होण्यास साधारणतः १५-२० वर्षे लागतात.

तो शरीरसंबंधातून पसरतो. येथेच आपली जीभ अडखळते. परंतु बहुतेक स्त्रीपुरुषांना तो केव्हा ना केव्हा गाठतोच. तेव्हा रोगी स्त्रीच्या शीलावर बोट ठेवणे हा शुद्ध अडाणीपणा आहे.

यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ला २०२२ साली मान्यता मिळाली. लस टोचायची ती ९ ते १४ या वयात. शाळेत आया आम्हांला म्हणतात, “बाई, मुलगी अजून लहान आहे हो!” अहो, लहान आहे म्हणूनच! विषाणू येण्यापूर्वी लस दिली तरच तिचा पुरा उपयोग. आधी जडलेला संसर्ग ती बरा करीत नाही. शिवाय ती सगळ्याच प्रकारांना अडवीत नाही. त्यामुळे तिशी उलटल्यावर गर्भाशयमुखाची तपासणी आयांनी तर करून घ्यावीच, पण लस घेतलेल्या मुलींनीही पुढे ती चुकवू नये.